किती टक्के?

चेंबूरला, माहुलच्या रस्त्यावर, आधी टायरचं दुकान होतं तिथे
तीन खांब उभे केलेत. पांढरे, फ्रिजसारखे.
मधला बंदच असतो.
मिठाईच्या खोक्याचं झाकण चिकटवून
कुणीतरी त्यावर लिहिलंय : साहेब आजारी.

वाशीचा पूल उतरतानाच मी एसी घालवला होता.
काचा खाली, पाठीला सीट चिकटलेली.
मानखुर्दच्या सिग्नलला चौदा,
गोवंडीच्या आसपास बारा,
मग मी आकड्याकडे बघणंच सोडलं.
पाय पॅडलवर असा
जसा झोपलेल्या पोराशेजारून उठताना
जमिनीवर ठेवतात.

आत चार गाड्या माझ्या आधी.
खुर्चीतला तांडेल मान वर न करता म्हणाला,
"किती टक्के?"

हे मला शेवटचं विचारलं होतं
ब्याण्णवच्या जूनमध्ये, नेहरूनगरच्या जिन्यात.
विचारणाऱ्यांच्या हातात पेढे होते, त्यांच्या मुलाचे.
आई म्हणाली, "झाली हो पास,"
आणि दार जरा लवकरच लोटलं.
एक्केचाळीस.
तो आकडा मी स्थळं बघायला आली तेव्हा गिळला,
दोन ठिकाणी अर्ज केले तिथे गिळला.
लायसन्सच्या खिडकीवर कुणी विचारला नाही,
म्हणून तर गाडी चालवायला लागले.

"नऊ," मी म्हटलं.
आवाज तोच निघाला, दोन वेण्यांचा.

तांडेलने शंभरपानी वहीत लिहिलं,
नंबर, टक्के, वेळ,
रकाने पट्टीने आखलेले.
मग ओरडला,
"मुकादम, थांबा जरा! बाई नऊवर आहेत."

मुकादम सव्वीसवर होते. त्यांनी गाडी मागे घेतली.
परेराबाई बत्तीस, त्यांनी नुसती मान हलवली.
अडतीसवाला पोरगा तेवढा कुरकुरला,
नवी गाडी, सीटवरचं प्लास्टिक अजून न काढलेली.
परेराबाई म्हणाल्या, "घर गाठशील ना तू? मग?"

मी शाळा पाहिली ती अशी नव्हती.
इथे ज्याला कमी, त्याला पहिला बाक.

केबल जड, भिजलेल्या गोधडीसारखी,
दोन हातांनी उचलावी लागते.
खट् झालं आणि काहीच झालं नाही,
कारण ॲप उघडायचं तर माझा फोन मेलेला.
तोच पोरगा आला, कुरकुरतच.
त्याच्या फोनवरून सुरू केलं, ओटीपी मोठ्याने वाचला,
पैसे नंतर द्या म्हणाला.
खांब घुमायला लागला,
दुपारी गल्लीतली गिरणी घुमते तसा.

दहा. अकरा. सोळा.
मी खरं तर चहाला जाणार होते.
पण उभीच राहिले स्क्रीनसमोर,
बोर्डावर निकाल लागलाय आणि गर्दी नाही, अशी.
एकोणचाळीस, चाळीस.
एक्केचाळीस वीसेक सेकंद टिकलं.
मी तेवढा वेळ त्याच्याकडे नीट बघून घेतलं.
मग बेचाळीस झालं. तितकंच.

तेवढ्यात मुकादमांच्या गाडीचं मागचं दार उघडलं.
त्यांची बायको, मांडीवर एक्स-रेचा पिवळा लिफाफा,
पाणी मागत होती.
हे ते बोललेच नव्हते.
टक्क्यांच्या रकान्यात ते कुठे बसणार?

सत्तावन्नला मी गन काढली.
"ऐंशीपर्यंत चालतं," तांडेल म्हणाला, "नियम आहे."
"विमानतळ दोनदा होतं एवढ्यात."
त्याने वहीत सत्तावन्न लिहिलं,
पुढे एक टिंब दिलं. ते कशाचं, देव जाणे.

पोराला पैसे दिले. त्याने मोजले.

फाटकाशी एक गाडी अडकून उभी,
काच खाली, आतला माणूस घामाघूम,
आकडा झाकल्यासारखा हात स्टिअरिंगवर.
मी विचारलं नाही.
नुसतं बोट दाखवलं, आत.